संच पाण्याने थंड होतो अन् पाण्यानेच जळतो

'तांत्रिक बिघाडामुळे संच बंद' अशी बातमी आली की गावात एकच प्रश्न असतो, रात्रीची लाईन किती तास राहणार? बिघाड कसला हे कोणी सांगत नाही. बहुतेक वेळा बॉयलरची नळी फुटलेली असते, काही दिवसांत काम होतं. जनरेटरचं वाइंडिंग गेलं तर मात्र आठवडे, कधी महिने लागतात.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे ५ संच आहेत. एवढ्या मोठ्या जनरेटरच्या स्टेटरमध्ये साधारणपणे पोकळ तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या आतून पाणी फिरतं. सुमारे २० हजार व्होल्ट आणि आत पाणी! हे चालतं, कारण क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहत नाही. म्हणूनच त्या पाण्याची वाहकता २४ तास मोजावी लागते. ती चढू लागली की फिल्टरचं रेझिन संपत आलं किंवा कुठून तरी घाण शिरली, असं समजायचं.

पुढचं ड्रिपवाल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. क्षार बसून ड्रिपर चोक होतात, तसं या पट्ट्यांत तांब्याचं ऑक्साइड साचतं. पाण्यातला ऑक्सिजन एकतर अगदी कमी ठेवायचा, नाहीतर भरपूर. मधलं प्रमाण तांब्याला सर्वात वाईट. एक पट्टी चोकली की तिचं पाणी शेजारच्यापेक्षा गरम निघतं. इथं सरासरी तापमान पाहून भागत नाही, एकेका पट्टीचं पाहावं लागतं.

दुसरी भीती गळतीची. जनरेटरमध्ये हायड्रोजन भरलेला असतो. त्याचा दाब पाण्यापेक्षा मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे जोड सुटला तर गॅस पाण्यात जाईल. पाण्याच्या टाकीतून निघणारा हायड्रोजन वाढला, तर तोच पहिला इशारा. तरीही बारीक चिरेतून ओल इन्सुलेशनमध्ये मुरतेच, आणि ते मशीन बंद करून दाबाची आणि व्हॅक्यूमची चाचणी घेतल्याशिवाय पक्कं कळत नाही.

इथंच खरी अडचण आहे. मागणी वाढली की देखभाल पुढे ढकलण्याचा मोह होतो. पावसाळ्यात पंप बंद असताना संच ठरवून उघडला, तर त्यावर ओरड करण्यात अर्थ नाही. उलट या चाचण्या झाल्या का, आणि किती पट्ट्यांत दोष निघाला, हे लोकप्रतिनिधींनी तेव्हाच विचारावं. रब्बीत संच बसल्यावर विचारून गव्हाला पाणी मिळत नाही.