मोटारीच्या रडारला दुचाकीस्वार दिसतो काय?

चालकाचे लक्ष नसले तरी गाडी स्वतःच ब्रेक लावील, असे आश्वासन महागड्या मोटारींच्या जाहिराती आता देतात. कॅमेरा आणि रडारवर चालणाऱ्या या यंत्रणेला ‘अडास’ म्हणतात. तंत्रज्ञानाला विरोध करण्याचे कारण नाही. पण ते कुणाचा जीव वाचवते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ही माणसे कोण? पहाटेच्या पाळीला निघालेला कामगार, घरोघर पार्सल पोचवणारा तरुण, मुलीला परीक्षेला नेणारा बाप. त्यांच्याभोवती ना एअरबॅग, ना पोलादी सांगाडा.

दुचाकी अरुंद असते, रडारला तिचा प्रतिसाद क्षीण मिळतो आणि रात्री मागचा एकच दिवा दिसतो. त्यामुळे यंत्रणा फसू शकते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात रात्री महामार्गावर एका मोटारीने दुचाकीला मागून धडक दिली. स्वार ठार झाला. सहाय्यक यंत्रणा सुरू होती, असे चालकानेच सांगितले. तेथील आयआयएचएस या सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये दहा छोट्या एसयूव्हींची चाचणी घेतली. समोर मोटारीबरोबर दुचाकी आणि ट्रेलरही ठेवले. ‘चांगला’ शेरा एकाच गाडीला मिळाला! युरोपातील एनकॅपने तर २०२३ पासूनच दुचाकीची चाचणी गुणांकनात घेतली.

आपल्याकडे काय झाले? २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झाले, तेव्हा तारे ठरले ते मोटारीत बसलेल्या प्रौढांच्या आणि बालकांच्या सुरक्षिततेवर. मोटारीखाली येणाऱ्या दुचाकीस्वाराचा हिशेब त्या ताऱ्यांत नव्हता. २०१९ मध्ये १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. गरिबाच्या लहान दुचाकीने मात्र कॉम्बाइंड ब्रेकवर भागवावे, असे ठरले. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्याच जिवाला मोल, असा हा न्याय आहे.

संविधानाच्या २१व्या कलमाने जगण्याचा हक्क देताना चारचाकी आणि दुचाकी असा भेद केलेला नाही. म्हणून शासनाने दोन गोष्टी कराव्यात. आपल्या रस्त्यांवर, रात्रीच्या अंधारात, दुचाकी ओळखून न थांबणाऱ्या मोटारीला पूर्ण तारे देऊ नयेत आणि सर्वांत स्वस्त दुचाकीलाही एबीएस मिळावे. आतल्याला वाचवणारी आणि बाहेरच्याला चिरडणारी मोटार सुरक्षित कशी म्हणता येईल?