जहाज मागे फिरले काय?

गेल्या वसुबारसेच्या संध्याकाळी कामशेतहून धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, याचं जहाज मागे फिरलं का रे? तू ये बघू आधी!" भाचा मालवाहू जहाजावर इंजिनिअर; योकोहामाहून लॉस एंजेलिसला निघालेला. मी लोणावळ्याहून लोकल पकडली. मराठी शिकवणाऱ्या माणसाने जहाजाचे काय सांगावे, ही शंका मळवलीपर्यंत मलाही छळीत होतीच.

मोबाइलच्या नकाशात जहाजाची रेघ जपानपासून उजव्या कडेपर्यंत नीट गेली होती. तेथून ती एकदम उलटली आणि आशिया, युरोप, अमेरिका तुडवीत थेट डाव्या कडेला टेकली. जहाज जमिनीवरून चाललेले! बहीण डोळ्यांना पदर लावून बसली होती.

"अगं, अण्णांचं पंचांग आठव," मी म्हणालो. मीनेच्या २९ अंशांवरचा ग्रह दोन अंश सरकला की मेषेच्या पहिल्या अंशावर येतो. ३५९ वरून १ वर. म्हणून कोणी जोशी त्याला ३५८ अंश मागे गेला म्हणतो काय? तो ३६० चे एक चक्र मिळवितो नि मोकळा होतो. नकाशाच्या यंत्राला पूर्व रेखांश अधिक, पश्चिम रेखांश उणे. सकाळी जहाज अधिक १७९ वर, मग उणे १७९ वर. अंतर खरे दोनच अंश, पण यंत्राने निमूट वजाबाकी केली आणि दोन ठिपके जोडून दिले. फरक १८० च्या वर गेला की चक्र मिळवायचे. उणे १७९ चे १८१ होतात, रेघ सरळ पुढे जाते. नाहीतर १८० वर ती तोडून दोन तुकडे काढावेत. बिचाऱ्याला हे कोणी शिकवलेच नव्हते.

हसण्यावारी नेण्याजोगी मात्र ही चूक नव्हे. त्याच दोन आकड्यांची सरासरी काढा: शून्य. म्हणजे पॅसिफिकमधले जहाज ग्रीनिचच्या रेषेवर! बुडत्याला शोधणाऱ्याने असा मध्य काढला तर?

नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. न्यूझीलंडच्या लिटल्टनहून फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्लीकडे जाताना त्यांनीही हेच रेखावृत्त ओलांडले होते. हे सांगितल्यावर बहिणीचा पदर खाली आला.

रात्री भाच्याचा निरोप आला. सारे ठीक, फक्त पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडल्यामुळे तीच तारीख पुन्हा आली आहे.

बहीण क्षणभर विचारात पडली. "म्हणजे एकाच तारखेला दोन दिवस? मग दोन्ही दिवस नीट जेवला का, ते विचार त्याला."