बहिऱ्या कुत्र्याचे घर

धन्याच्या हाकेसरशी धावून येणारा कुत्रा सर्वांना आवडतो. परंतु ज्याला हाकच ऐकू येत नाही, अशा टाकून दिलेल्या कुत्र्यास कोणाच्या स्वाधीन करावे? ज्याला त्याची दया येईल त्याच्या, हे उत्तर सहज सुचते. पण ते पुरेसे नव्हे.

डाल्मेशियनसारख्या पांढऱ्या अंगाच्या काही जातींत जन्मजात बहिरेपणा विशेष आढळतो. अंतःकर्णात रंगपेशी नसल्या, म्हणजे पिल्लाची श्रवणशक्ती काही आठवड्यांतच नष्ट होते. बुद्धी मात्र शाबूत राहते. हाताची खूण त्याला समजते. पाय आपटल्याने जमिनीला बसणारा हादराही कळतो. असा कुत्रा स्वभावाने शांत असला, की त्याची काळजी घेण्याचे कारण नाही, असे लोक मानतात. ही चूक होय. शांत कुत्राही झोपेत अवचित स्पर्श झाल्यास दचकून चावू शकतो, आणि मोटारीचा भोंगा त्याला सावध करू शकत नाही.

म्हणून ज्या वाड्याचे फाटक सदैव उघडे असते आणि जेथे प्रत्येकाची खूण निराळी, तो वाडा कितीही ऐसपैस असला तरी त्याच्या कामाचा नाही. याउलट, दोन खोल्यांच्या घरातही सर्वांची खूण एकच असेल, रस्त्यावर त्याची साखळी कोणी सोडीत नसेल आणि नाकाशी हळूच हात नेऊन त्याला जागे करीत असतील, तर तेच त्याचे योग्य घर होय. दयेचा उमाळा लवकर ओसरतो. अंगवळणी पडलेली शिस्त टिकते. एकदा टाकलेल्या जिवाला पुन्हा रस्त्यावर यावे लागू नये, हे त्या शिस्तीवरच अवलंबून आहे.