गल्ल्यावरच्या बरण्या आणि मुलांचे दात

व्यापाऱ्याची पत त्याच्या मालावरून ठरते, ही शिकवण आम्हांस वाडवडिलांकडून मिळाली. परंतु वजन पुरे दिले आणि भेसळ टाळली, एवढ्याने आपले कर्तव्य संपते काय, हा प्रश्न आज आम्ही व्यापारी बंधूंपुढे ठेवू इच्छितो. कारण शाळा-कॉलेजांतील मुलामुलींचे दात ज्या वस्तूंनी किडतात, त्या शुद्ध असतात, मोहोरबंद असतात आणि आपल्याच दुकानांतून विकल्या जातात.

तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लात दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ ही झीज भरून काढते खरी. परंतु त्यासाठी तिला पुरेसा वेळ मिळावा लागतो. मूल दिवसभर काही ना काही गोड चघळत राहिले, तर खर्चच चालू राहतो आणि भरणा होत नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढेचे कवच तर पुरते पक्वही झालेले नसते. कोलासारखी पेये मुळातच आम्लधर्मी असल्याने त्यांचा मारा दुहेरी होतो. एकदा गेलेले कवच पुन्हा उगवत नाही.

स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर झालेला प्रयोग माणुसकीच्या दृष्टीने निंद्यच होय. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीने कीड कितीतरी अधिक वाढली. सणाच्या पानात वाढलेला बेळगावी कुंदा आणि शिकवणीच्या वाटेवर घोटघोट घेतलेली बाटली, यांत हाच भेद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सुचविले. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते.

“गिऱ्हाईक मागते ते आम्ही विकतो,” असे यावर कोणी म्हणेल. पण मुलाच्या नजरेच्या उंचीवर कोणती बरणी ठेवावी, हे गिऱ्हाईक ठरवीत नाही. सरकारी कर हे काम करील, ही आशाही व्यर्थ होय. सप्टेंबर २०२५ मध्ये साखरयुक्त वायुमिश्रित पेयांवर ४० टक्के कर ठेवला गेला, पण त्याच वेळी चॉकलेटवरील कर ५ टक्क्यांवर उतरला. २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिसाखरेच्या पदार्थांची विक्री वर्ज्य केली आहे. एकावन्नाव्या मीटरवर मुलाचे दात काही निराळे होत नाहीत.

धंदा बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. सुटे पैसे नाहीत म्हणून मुलाच्या हाती गोळी ठेवण्याची प्रथा सोडावी. गल्ल्याजवळ शेंगदाणे, फुटाणे मांडावेत, बाटल्या मागच्या फळीवर न्याव्यात. थंडाईच्या पेटीत ताक व साधे पाणी पुढे असावे. किरकोळ विक्रीत थोडी तूट येईल, ती आम्ही नाकारीत नाही. पण आज बारा वर्षांचे असलेले मूल पुढे पन्नास वर्षे आपल्याच पेठेत यावयाचे आहे. त्याचे दात राखूनही आपला व्यापार चालू शकतो, असा आमचा विश्वास आहे. आणि संघाने येत्या वर्षी या विषयावर ठराव करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.