धरणात काय शिरतंय, बघणार कोण?

उन्हाळा आला की नांदेडला गोदावरीतली जलपर्णी काढायचं काम निघतं. यंत्र येतं, घाटावर हिरवे ढीग लागतात, फोटो छापून येतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि १९३६ साली बंगालला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तोवर ती हाताबाहेर गेली होती.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, आधी लातूरकडे, मग नांदेडला. पाणी उपसायच्या विहिरीच्या, म्हणजे जॅकवेलच्या, जाळीत जलपर्णीची मुळं अडकली की पंपाचा आवाजच बदलतो. घरघर सुरू होते, अँपिअर मीटरचा काटा नाचायला लागतो. पंप बंद करायचा, दोर लावून माणूस खाली उतरवायचा, आणि वर फोन खणखणत राहतो, ‘साहेब, आज पाणी का नाही?’ जलपर्णी निदान डोळ्यांना दिसते. दिसतच नाही असं काही आलं तर?

अमेरिकेत नेवाडा आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात हूवर धरणामागे लेक मीड हा जलाशय आहे. जानेवारी २००७ मध्ये तिथे क्वागा नावाचा परका शिंपला सापडला. आकार अंगठ्याच्या नखाएवढा. पण एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते आणि पिल्लं सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. ती पाइपात, जाळीवर, पंपावर बसतात आणि थरावर थर चढतो. होडीच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून ती दुसऱ्या तलावात पोचतात. म्हणून तिकडे आता होड्या थांबवून तपासतात, गरम पाण्याने धुतात.

क्वागा आपल्याकडे नाही. पण काळ्या पट्ट्यांचा परदेशी शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि मुंबईच्या गोदीतही पोचला. तो खाऱ्या, मचूळ पाण्यातला, जहाजांबरोबर आलेला. आपल्या धरणांत जहाजं येत नाहीत, पण मत्स्यबीजाच्या गाड्या येतात. एका तलावातली मासेमारीची जाळी आणि तरंगायच्या ट्यूब दुसऱ्या तलावात जातात. चिलापी मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज धरणाधरणांत आहे. थाई मांगूर माशावर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. कटला-रोहूच्या बोटुकलीबरोबर टाकीत आणखी काय आलं, हे धरणावर कोण बघतं?

अडचण इथेच आहे. धरण जलसंपदा खात्याचं, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, जॅकवेल महापालिकेची. मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे. लातूर ज्या मांजरा धरणाचं पाणी पितं, ते धनेगावचं धरण बीड जिल्ह्यात. प्रत्येकाची फाइल वेगळी आणि ‘परकी जात आली का’ हा रकाना कुठल्याच फाइलीत नाही.

कुणी म्हणेल, इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही शिंपल्यांचं काय घेऊन बसलात! २०१६ चा एप्रिल आठवा. मांजरा कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेच्या १० वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं. धरणात तळाचं पाणी उरतं, तेव्हाच जॅकवेल तुंबणं सगळ्यात महागात पडतं. पाणी कमी म्हणून राखण जास्त हवी. शिवाय मराठवाडा पाणी ग्रीडमध्ये ११ धरणं जलवाहिन्यांनी जोडण्याची योजना आहे. एका धरणातली पीडा पाइपातून दुसऱ्या धरणात पोचणार नाही, याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा.

उपाय खर्चाचे नाहीत. पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि एक वीट नायलॉनच्या दोरीला बांधून जॅकवेलजवळ पाण्यात सोडावी. महिन्याला वर काढून हात फिरवावा. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं तर भिंगातून पाहावं आणि तारखेसह फोटो जाणकारांना पाठवावा. गोदावरीच्या गाळात राहणारे आपले मोठे शिंपले पाइपाला चिकटत नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. ओळख पटवायला उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, आणि स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ तर नांदेडला, विष्णुपुरी धरणाजवळच आहे. जाळी आणि ट्यूब दुसऱ्या धरणात नेण्याआधी कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात. ऊन आपल्याकडे फुकट आहे. पाण्यावर रोज असतो तो भोई बांधव. वेगळा मासा किंवा शिंपला त्यालाच आधी दिसणार. त्याने तो दाखवला तर त्याचा ठेका धोक्यात येऊ नये, उलट त्याला बक्षीस मिळावं.

पण हे सगळं एका माणसाच्या नावावर हवं. विभागीय आयुक्तांनी बीड, लातूर, परभणी, नांदेड मिळून प्रत्येक मोठ्या धरणासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि त्याचा फोन नंबर धरणाच्या फाटकावर लिहावा. पावसाळ्यात मत्स्यबीजाची पहिली गाडी आली की टाकीत जाळं घालून तपासणी व्हावी, नोंदवहीत सही व्हावी, मगच बीज पाण्यात सोडावं. जलपर्णी काढायला दरवर्षी पैसे निघतात. त्यातले थोडे या राखणीसाठी निघाले, तर पुढची जलपर्णी काढायची वेळच येणार नाही.