पोट छातीत गेल्यानंतर

१९१३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला फ्रांट्स टोरेक या सर्जनने ६७ वर्षांच्या एका बाईंची कर्करोग झालेली अन्ननलिका छाती उघडून काढली. बाई वाचल्या, हेच त्या काळात नवल होतं. प्रश्न उरला जेवणाचा. मानेला एक छिद्र, पोटाला एक छिद्र आणि दोन्ही जोडणारी रबरी नळी. चावून गिळलेला घास अंगाबाहेरच्या त्या नळीतून जठरात उतरायचा. असं जेवत त्या पुढे १३ वर्षं जगल्या.

आज ती नळी कुणाला बाळगावी लागत नाही. जठरालाच अरुंद नळीचा आकार देतात आणि छातीत वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. १९४६ मध्ये उजव्या छातीतून ही शस्त्रक्रिया करण्याची रीत मांडणाऱ्या आयव्हर लुइस यांचं नाव अजून तिला आहे. सोय मोठी झाली, पण नवी अन्ननलिका मिळते ती पोट खर्चून. अन्न साठवायची पिशवी जाते, जठराला हुकूम देणाऱ्या व्हेगस नसा कापल्या जातात, आम्ल कमी होतं. उरलेलं आम्ल वर येऊन जाळू नये म्हणून रोज सकाळी आम्ल रोखणारी गोळी सुरू होते.

त्याच गोळ्यांच्या डब्यात कॅल्शियमचीही गोळी असते. आपल्याकडे ती बहुतेकदा कॅल्शियम कार्बोनेटची. म्हणजे रसायनाच्या हिशेबाने खडूच. खडू विरघळायला आम्ल लागतं. एक गोळी आम्ल बंद करते, दुसरी आम्लाची वाट बघते! कॅल्शियम सायट्रेटला आम्लाची एवढी गरज नसते, तरी चिठ्ठीवर ते क्वचितच दिसतं.

फसगत इथेच संपत नाही. रक्ताच्या रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल येतं आणि घरचे निर्धास्त होतात. रक्तातली पातळी ढळू द्यायची नाही, हे पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम. आतड्यातून पुरेसं आलं नाही की त्या हाडांतून काढून घेतात. त्यात चरबी नीट पचत नसेल, तर चरबीसोबत शोषलं जाणारं ड जीवनसत्त्वही शौचावाटे जातं. भरीला उतरलेलं वजन आणि झिजलेले स्नायू. अनेकांच्या मागे तंबाखूची जुनी वर्षं असतात, तीही हाडांच्या विरोधातच. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये आम्ल रोखणाऱ्या या औषधांच्या दीर्घ वापराबद्दल खुबा, मनगट आणि मणक्याच्या फ्रॅक्चरचा इशारा दिला होता. पण म्हणून कुणी ही आम्लाची गोळी मनाने बंद करू नये. या रुग्णांत तिची गरज खरी असते.

जठर असं बदललं की बी-१२ जीवनसत्त्वही नीट शोषलं जात नाही, आणि हे दुखणं आपल्याला आणखी जवळचं. परदेशी पुस्तकं सांगतात की यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे तूट उशिरा दिसते. पण साठाच नसेल तर? पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धडधाकट मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. असा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर चढतो तोच रिकाम्या खिशाने. शाकाहारी असला तर भर घालायला मुख्यतः दूध-दहीच. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि ठिसूळ हाडांच्या माणसाचा तोल जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता स्वयंपाकघर. माणूस खंगलेला दिसतो म्हणून प्रेमाने डिंकाचे लाडू येतात, शिऱ्याची वाटी येते. पिशवी नसलेल्या पोटातून ती साखर थेट आतड्यात धडकते आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. दोन-चारदा असं झालं की माणूस ताटालाच भितो, खाणं आणखी कमी होतं. त्यापेक्षा नाचणीची बिनगुळाची आंबील, तिळकूट, पनीर, चालत असेल तर अंडं किंवा मासळी. दिवसातून सहा वेळा, वाटी-वाटी, आणि पाणी जेवणासोबत न घेता मागेपुढे. दूध पचत नसेल तर दही बघावं. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत घेऊ नये, चहासोबत तर नाहीच.

हाडं ठिसूळ झालीच तर उपचारातही एक मेख आहे. ऑस्टिओपोरोसिसची सर्रास दिली जाणारी अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी घेतल्यावर अर्धा तास ताठ बसावं लागतं, कारण ती अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. जोडलेल्या अन्ननलिकेच्या माणसाला ती देणं धोक्याचं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन वर्षातून एकदा शिरेतून देता येतं. त्याआधी ड जीवनसत्त्व भरून काढावं लागतं आणि दात तपासून घ्यावे लागतात.

ऑपरेशननंतरच्या प्रत्येक फेरीत कर्करोग परतला का, हे बघतात, बघायलाच हवं. पण पाच वर्षं काढलेल्या माणसाला खुब्याच्या फ्रॅक्चरने अंथरुणाला खिळवावं, ही हेळसांड आहे. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, या चार तपासण्यांच्या तारखा डिस्चार्जच्या कागदावरच असायला हव्यात. त्या नसतील तर नातेवाइकांनी विचारावं. पुढच्या तपासणीला फाइलसोबत गोळ्यांची पाकिटंही न्यावीत आणि कॅल्शियमच्या पाकिटावर कार्बोनेट लिहिलंय की सायट्रेट, ते डॉक्टरांना दाखवावं.