‘घरी शिकते’ म्हणजे काय?



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एकाच आठवड्यात दोन आया आल्या. पहिली शहरातली, इंजिनिअर. तिच्या मुलाला शाळेत मार बसायचा, तो रात्री दचकून उठायला लागला. तिने त्याला शाळेतून काढले, नोकरी सोडली आणि आता ती त्याला घरीच शिकवते. तिचा प्रश्न होता, “ताई, मी कायदा मोडते आहे का?”

दुसरी वस्तीतली, चार घरची धुणीभांडी करणारी. आली होती नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन. मुलीचा विषय आम्हीच काढला. मुलगी बारा वर्षांची. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. दीड वर्षाच्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. शाळेचे विचारले तर आई म्हणाली, “घरीच शिकते की ती.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. मुलगी घरकाम शिकतच होती.

दोघींच्या तोंडी शब्द एकच, पण त्यामागचे जगणे निराळे. कायदा या दोन घरांकडे कसा पाहतो, आणि आपण कसे पाहायचे, हे या अंकात मांडावेसे वाटते.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने मुलांना शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो एक पाऊल पुढे गेला. त्याचे कलम १० म्हणते, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते पाळले नाही तर शिक्षा मात्र कायद्यात नाही. घरी शिकवणारी कुटुंबे इथेच अस्वस्थ झाली. काहींनी ‘स्वशिक्षण’ नावाची संघटना बांधली, प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयातही गेला. २०१२ मध्ये केंद्र सरकारने तिथे आधी सांगितले की घरी शिकवण्याच्या आड हा कायदा येत नाही, आणि मग तीच भूमिका फिरवली.

पहिल्या बाईला आम्ही सांगितले, कलम १० बरोबर कलम १७ ही वाचा. त्याने मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली आहे. म्हणजे तुमच्या घरच्या गोष्टीत कायदा आधी शाळेने मोडला आहे.

घरच्या शिक्षणाला आपण नाके मुरडू नयेत. आपल्या पूर्वसुरींना तीच एक खिडकी होती. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने. रमाबाई रानडे घरीच शिकल्या, तेही घरातल्या बायकांचा रोष पत्करून. पण पुढे दोघींनी काय केले? एकीने १८८९ मध्ये शारदा सदन काढले, दुसरीने पुण्यात सेवासदन उभे केले. घरी शिकायला मिळणे हे नशिबावर असते, हे त्या जाणून होत्या. ज्या मुलीच्या घरात शिकवणारे कोणी नाही, तिच्यासाठी घराबाहेर दार उघडावे लागते. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली ती यासाठीच.

आता त्यानंतरचे दोन बदल पाहा. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. तो पर्याय मुलाचा आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी शाळाच म्हणते, “बाई, याला घरीच ठेवा.” मग घरी कोण राहते? आई. तिची मजुरी बुडते, तिच्या शिकवण्याला ना पगार, ना सुट्टी. घरी शिकवणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांतही नोकरी सोडणारी बहुधा आईच असते. ‘पालकांनी निर्णय घेतला’ असे ऐकले की त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हे विचारायची सवय आपल्याला हवी.

दुसरा बदल २०१६ चा. बालमजुरीविरोधी कायद्याच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, पण एक फट ठेवली. धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात मूल शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत करू शकते. कुटुंबात भावंडे, काका, आत्या, मामा, मावशीही धरले आहेत. आता सांगा, जी मुलगी शाळेतच जात नाही तिची शाळा सुटते कधी? विड्या वळणारी, गजरे करणारी, पापड लाटणारी मुलगी घरात बसून काय करते, हे तपासायला कोण जाणार? ‘घरी शिकते’ हे एकच वाक्य तिथे पडद्यासारखे पुरते. त्या पडद्याआड बालविवाहही ठरतो. शाळेत गैरहजेरी लागते, तेव्हा निदान एखादी बाई विचारते तरी, “का गं आली नाहीस?”

घरी शिकवणारे पालक म्हणतात, सरकारने आमच्या घरात डोकावू नये. त्यांची भीती समजते. अधिकाऱ्यांचा जाच आपणही सोसला आहे. यावर आमच्या गटात एकमत नाही. पण ‘हा घरातला मामला आहे’ हे वाक्य आपण मारहाणीच्या प्रत्येक केसमध्ये ऐकले, आणि त्याला उत्तर म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा मिळवला. मुलांच्या बाबतीत आपण तेच वाक्य कसे मान्य करायचे?

म्हणून आमची भूमिका अशी. घरी शिकवण्याला सरकारने गुन्हा मानू नये, पण त्याची नोंद हवी. कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक संस्थेचे कामच आहे. वर्षातून एकदा तरी कोणी जाऊन मुलाशी, विशेषतः मुलीशी, एकटीशी बोलावे. पोलिसाने नव्हे, शिक्षिकेने. मुलाला घरी ठेवा म्हणणाऱ्या शाळेकडून ते लेखी मागावे. आणि वस्ती-वस्तीत पाळणाघर हवे. अंगणवाडीचे बालवर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याआधीचे बाळ ताईच्या कडेवर. ताईची शाळा तिथेच अडते.

या तिमाहीत प्रत्येक गटाने एक काम करावे. आपल्या गल्लीतल्या ६ ते १४ वयाच्या, शाळेत न जाणाऱ्या मुलींची यादी करा. प्रत्येकीला एकच विचारा : काल दिवसभर काय केलंस? उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून आमच्याकडे पाठवा. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना तीच आपली कागदपत्रे.

इंजिनिअर बाईचा मुलगा मोठा झाला की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देईल. वस्तीतल्या मुलीलाही कधीतरी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येईल, पण तोवर तिला शिकवणार कोण? आम्ही शाळेत बोलून आलो आहोत, बाई तिला घ्यायला तयार आहेत. भावाला ठेवायला जागा मिळालेली नाही. मुलगी अजून घरीच आहे.

संपादक मंडळाच्या वतीने